पाटाच्या दोन्ही बाजूंना

बाळकृष्णाला वर्षभर रोज एकशे आठ तुळशीपत्रं वाहायची, स्वतःच्या हातानं, एकही दिवस चुकू न देता, असा नेम मी एक्याण्णव सालच्या दिवाळी पाडव्याला धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. काय हवं ते देवापुढे बोलून दाखवायची मला गरज वाटली नाही. रांगती पितळी मूर्ती, एक गुडघा टेकलेला, हातात लोण्याचा गोळा. रोज तिला न्हाऊ घालणाऱ्या बाईला काय हवं असतं, ते तिला कळत असणारच.

आम्ही सिल्वासाला बांधकाम खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे तिथल्या कचेरीत कारकून. श्रीवर्धनहून नोकरीसाठी आलो ते तिथेच रुजलो. एकशे आठ पानं रोज एका रोपातून निघत नाहीत, म्हणून मागच्या अंगणात डालड्याच्या डब्यांत मी एकवीस तुळशी लावल्या होत्या. रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडायची नाही, तेव्हा आदल्या दिवशीच पानं खुडून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. हे बघत आणि म्हणत, "आमच्या कचेरीत एकही माणूस इतकं आगाऊ काम करून ठेवत नाही."

अडचण होती ती चार दिवसांची. त्या दिवसांत देवाला आणि तुळशीला शिवायचं नाही. आधीच्या नेमांत हे माझ्याऐवजी पूजेला बसत. पण यांची पूजा म्हणजे काय सांगावं. एकदा मूर्ती अंगाच्या साबणानं घासून काढली होती. मी दारातूनच विचारलं, तर म्हणाले, "लोणी खातो ना तो. हात तेलकट झाले होते." नंतर मूर्ती पालथी घालून वाळत ठेवली.

म्हणून सणावाराला मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत असे. आमच्या ओळीतल्या सगळ्याच घेत. गौरी जवळ आल्या की औषधाच्या दुकानातला माणूस तोंड न उघडता पुडी पुढे करायचा. या नेमासाठी मी कार्तिक आणि मार्गशीर्ष गोळ्यांवर काढले. पौषात मळमळ सोसेना, म्हणून बंद केल्या. आता खंड पडणार म्हणून मनाची तयारी केली. बाजूला बसायची घोंगडी उन्हात टाकली.

पाळी आलीच नाही. पौष गेला, माघ गेला. मी रोज एकशे आठ पानं वाहत होते आणि नेम अखंड चालला होता.

फाल्गुनात मनात जे यायचं ते आलंच. लेडी डॉक्टरकडे गेले. तिनं लघवी तपासली आणि नाही अशी मान हलवली. "गोळ्या घेतल्या होत्या का?"

"हो."

"मग त्यानंच. येईल आपोआप. दोनेक महिने वाट बघा."

गोळ्या सोडून दोन महिने होऊन गेलेत, हे मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. खरं म्हणजे मला पाळी यायलाच नको होती. हा नेम पुरा व्हावा म्हणून देवानंच माझे चार दिवस काढून घेतले, अशी माझी समजूत झाली होती, आणि ती मला फार गोड वाटत होती.

चैत्रात एका सकाळी पूजेला बसले असताना पोलकं ओलं लागलं. तांब्यातलं पाणी सांडलं असेल म्हणून पाहिलं. पाणी नव्हतं.

कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. दुपारी हे कचेरीत असताना मी मागच्या खोलीत बसायची. हाताला दोन थेंब लागायचे, पांढरे, पाण्यापेक्षा जरा दाट. ते पुसून टाकायला जीव होत नसे. अकरा वर्षं जे माझ्याकडे नव्हतं त्यातलं निम्मं तरी आलं होतं. उरलेलं निम्मं मागाहून येईल, असं वाटायचं. असं कुठे होत नाही, हे कळत होतं. तरी वाटायचं.

किलवणीहून बायडाबाई भाजी घेऊन येत असे. तिची सून नरोलीच्या कारखान्यात कामाला लागली होती, त्यामुळे पाच महिन्यांची नात, कावेरी, आजीच्या पाठीला बांधलेली असायची. वैशाखातल्या एका दुपारी पोर रडायची थांबेना. बायडाबाईनं पाण्यात साखर घालून बोट चोखायला दिलं. पोरीनं ते थुंकून टाकलं.

"जरा धर, बाय," ती मला म्हणाली. "मी पलीकडच्या घरी भेंडी देऊन येते."

मी तिला धरलं. पोर माझ्या अंगाला तोंड घासत राहिली, आणि पदराखाली मला ओल जाणवली. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणवत नाही. दार लोटलं, भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिला जवळ घेतलं. ती लगेच गप्प झाली. तिची एक मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकली होती. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

बायडाबाई परत आली ती मला कळलीच नाही. ती उंबऱ्यापाशी उभी होती, टोपली काखेत. रागावली नाही. आत येऊन माझ्यापुढे उकिडवी बसली आणि पोरीचं पोट भरेपर्यंत थांबली.

"कधीपासून येतंय?"

"महिना झाला."

"पोटात काय आहे?"

"नाही."

तिनं पोर घेतली, पाठीला बांधली, गाठ मारली. "बाय, माझ्या पोरीला पाजलंस, मी कुणापुढे तुझं नाव काढणार नाही. पण ऐक. पोर नाही नि दूध येतं, हे दुखणं आहे. मोठ्या डाक्तरला दाखव."

"देवाची कृपा असेल, बायडाबाई."

"देव द्यायचा तर आधी पोर देईल ना. दूध कशाला आधी धाडील?" ती उठली. जाताना भेंडीची एक मूठ तशीच ठेवून गेली.

मी दाखवलं नाही. बायडाबाई भगताला मानणारी, मी चार पोथ्या वाचलेली. दुखणं तिनं ओळखलं आणि मी मात्र देव शोधत बसले.

ज्येष्ठात मी धडकायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा, कपाटाच्या कडेला कोपर. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं माणूस अंगावर येईपर्यंत कळायचं नाही. डोकं दुखायचं. हे हसून म्हणाले, "अगं, हे सरकारी क्वार्टर आहे. भिंत पडली तर मलाच अर्ज करावा लागेल." पण बाजारात एक सायकलवाला घंटी वाजवत बाजूनं आला आणि मी सरळ त्याच्यापुढे गेले, त्या दिवसापासून हसणं थांबलं.

हे मला वापीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नाकासमोर बघायला लावलं आणि आपली दोन्ही बोटं माझ्या कानांच्या बाजूनं हळूहळू पुढे आणली. "दिसलं की सांगा." बोटं जवळजवळ गालापर्यंत आली तेव्हा मी सांगितलं.

"डोळे उत्तम आहेत," ते यांना म्हणाले. "मागे शिरेवर कशाचा तरी दाब आहे. मुंबईला जा. उशीर करू नका."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर वयस्क होते, बोलायला सावकाश. डोक्याच्या मधोमध, हाडाच्या खोलगट जागेत जे असतं ते साध्या स्कॅनमध्ये नीट दिसत नाही, हाड आड येतं, म्हणून एम.आर.आय. करू, असं म्हणाले. हा शब्द आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकला. मशीन नवी होती. दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

तारखेच्या दिवशी मूर्ती माझ्याबरोबर होती. नेम चुकवायचा नव्हता. एका स्टीलच्या डब्यात बाळकृष्ण, ओल्या फडक्यात तुळस. यांच्या मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिथे पहाटे पूजा केली आणि डबा पिशवीत घातला, कारण मूर्ती परक्या घरात एकटी ठेवायला मन होईना.

मशीनच्या खोलीबाहेर शैलजा नावाची तरुण मुलगी होती. तिनं मला गाऊन दिला. "काकू, आत मोठा लोहचुंबक आहे. अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. दागिने, पिना, सगळं काढा."

मी पिना काढायला लागले. मंगळसूत्राच्या तीन, बांगडीतल्या दोन, पदराची एक, परकराची एक.

"काकू, दुकान आहे का तुमचं?"

केसांतले आकडे निघाले. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं निघालं. जोडवी अकरा वर्षांत निघाली नव्हती. ती साबण आणून, माझ्या पायापाशी बसून तिनं काढली. मला फार संकोच वाटला. सगळं यांच्या रुमालात गेलं. सात पिना यांनी एकीत एक अडकवून स्वतःच्या खिशाला लावल्या, पडू नयेत म्हणून.

"आणि पिशवीत काय आहे?"

"बाळकृष्ण," हे म्हणाले. "पितळी."

शैलजानं पिशवीकडे पाहिलं. "त्यांना तुमच्याजवळ बाहेरच बसवा."

आत एका अरुंद फळीवर निजवलं, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काही बसवलं आणि फळी बोगद्यात सरकली. छत नाकापासून वीतभर. हलायचं नाही, असं तिनं तीनदा बजावलं होतं. बोटंसुद्धा नाही. मी जप बोटांच्या पेरांवर करते. तोही करता येईना. मग आवाज सुरू झाला. लोखंडी दारावर कुणी थापा माराव्यात तसा, सारख्या अंतरानं. मी त्या थापांवर नाम मोजायला लागले. साठाच्या पुढे गेले असेन, तेवढ्यात थापा थांबल्या आणि दुसऱ्याच चालीत सुरू झाल्या. पुन्हा धरलं, पुन्हा मोडलं. मध्ये एकदा फळी बाहेर आली, दंडात सुई टोचली, पुन्हा आत.

त्यानंतर मी देवाचं नाव घेत होते असं सांगितलं तर खोटं होईल. मला कावेरीची मूठ आठवत होती. मंगळसूत्रात अडकलेली, आणि सोडवताना तिच्या तळव्याला आलेला माझ्या हळदीकुंकवाचा वास. अंगावर आता मंगळसूत्रही नव्हतं, तरी ती ओढ तिथेच होती, गळ्याच्या खाली, मधोमध.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काळ्या फिल्म उजेडाच्या काचेवर लावल्या. माझं डोकं बाजूनं उभं चिरल्यासारखं दिसत होतं. नाक, जीभ, सगळं ओळखू येत होतं. त्यांनी पेनानं दाखवलं.

"ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. तुमची सुपारीएवढी झाली आहे, गाठीमुळे. आणि इथे वर बघा, दोन्ही डोळ्यांच्या शिरा इथे एकमेकींना भेटतात. गाठ त्यांना खालून ढकलते आहे. म्हणून बाजूचं दिसत नाही." मग रक्ताचा कागद पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे. "ही गाठ सहसा दिसत नाही, आणि इतकी वाढलेली तर फारच कमी. बाई, पाळी केव्हापासून नाही?"

"कार्तिकापासून. आधी गोळ्या घेत होते. लेडी डॉक्टर म्हणाल्या, त्यानंच."

"दूध येतं का?"

हे माझ्या शेजारी बसले होते. यांच्या खिशाला माझ्या पिना अजून तशाच होत्या. मी मान डोलावली.

हे माझ्याकडे बघायला लागले. बाजूचं मला दिसत नव्हतं, पण ते बघताहेत हे कळत होतं.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"चैत्रापासून."

डॉक्टर रागावले नाहीत. "ही गाठच ते दूध आणते. शरीराला वाटतं, बाळ झालंय. म्हणून ते पाळीही बंद ठेवतं. तुमच्या गोळ्यांचा यात काही संबंध नव्हता, फक्त त्यांच्यावर बोट ठेवून सगळे मोकळे झाले." कागदावर लिहिता लिहिता ते बोलत होते. "ऑपरेशनची आत्ता गरज नाही. ही जात औषधानं आकसते. आधी अर्धी गोळी, जेवणाबरोबर. दूध थांबेल. नजर मोकळी होईल. पाळी येईल. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो."

"आणि मूल?" यांनी विचारलं. अकरा वर्षांत हा शब्द मी यांच्या तोंडून बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा ऐकला.

"आधी पाळी येऊ दे. मग बोलू. आशा ठेवा. शब्द देत नाही."

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. डहाणूच्या पुढे एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस."

घरी आल्यावर गोळ्यांची पट्टी मी देव्हाऱ्यात ठेवली, औषधालाही देवाचा हात लागावा म्हणून. आणि तिथेच राहू दिली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. यांनी विचारलं की म्हणायची, घेतली. पाचव्या दिवशी संध्याकाळी यांनी पट्टी उचलून पाहिली. एकही गोळी निघाली नव्हती. हे पाटावर बसले, माझ्या पूजेच्या पाटावर.

"का गं?"

"पाळी आली तर नेम मोडेल. चार महिने राहिलेत फक्त."

"नेम." यांनी पट्टी गुडघ्यावर ठेवली. "एक सांगतो, रागावू नकोस. तू रोज एकशे आठ पानं मोजतेस. ती सगळी देवावर पडत नाहीत. ज्येष्ठापासून बघतोय. तू उठून गेलीस की पाटाच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा पानं जमिनीवर असतात. ताम्हनाच्या कडेवर हात जातो तुझा. तुला ते दिसत नाही."

म्हणजे दीड महिना माझा नेम मोडलेलाच होता.

"मोडलेला नाही," हे म्हणाले. मी बोलले नव्हते, तरी. "मी उचलून वाहत होतो. कचेरीला जायच्या आधी. हात धुऊन, साबणाचा वास जाईपर्यंत धुऊन. एकही पान राहू दिलं नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"तुझं तू सांगितलंस का?"

मग जे खरं होतं ते मी बोलले. "गोळी घेतली की दूध जाईल."

"हो."

"मला दुसरं काही मिळालं नाही हो. एवढंच मिळालं."

हे समजूत घालायला लागतील याची मला भीती वाटत होती, पण नाही लागले. उठून स्वयंपाकघरात गेले, सुरी आणली, ताटलीत एक गोळी मधोमध कापली. बाळकृष्णापुढचं केळं सोललं. अर्धी गोळी केळ्याच्या तुकड्यात खोचून ताटली माझ्यापुढे धरली आणि तशीच धरून बसले. यांचा हात दुखायला लागला असेल. मी देवाकडे पाहिलं. तोंडात घातलं.

दूध तीन आठवड्यांत गेलं. रोज थोडं कमी. शेवटच्या दिवशी बोटाला जे लागलं ते पाणी होतं की काय, तेही सांगता येणार नाही. श्रावणात बायडाबाई आली तेव्हा कावेरी बसायला लागली होती. मी तिला मांडीवर घेतलं. तिनं माझा पदर ओढून पाहिला, तोंड लावलं, आणि सोडून दिलं. मग माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं.

"आता खाते ती सगळं," बायडाबाई दुसरीकडे बघत म्हणाली. "तुझी वाट मोकळी झाली, बाय. आता तुझं येईल."

"डॉक्टर शब्द देत नाहीत."

"डाक्तर कुणालाच देत नाहीत." ती उठली.

पाळी आली ती भाद्रपद सरताना, घट बसायच्या दोन दिवस आधी. पाडव्याला महिना होता. पहाटे उठले आणि कळलं. इतक्या महिन्यांनी अंगात ती जुनी, जड, ओळखीची कळ. मोरीत उभी राहून मी रडले. दुःखानं की कशानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग घोंगडी काढली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. तिथून देव्हारा समोर दिसतो.

यांना वेगळं सांगावं लागलं नाही. घोंगडी पाहिली आणि अंघोळीला गेले. ओलेत्यानं अंगणात जाऊन तुळस खुडून आणली. पाटावर बसले, पाठ माझ्याकडे. मूर्ती नुसत्या पाण्यानं धुतली. पुसून सरळ ठेवली.

"मोठ्यानं मोजा," मी म्हटलं.

"मोजतो. मध्ये बोलू नकोस, चुकेन."

एक, दोन, तीन. कचेरीत फायली मोजाव्यात तसा आवाज. मी भिंतीला टेकून ऐकत होते. देवाला माझा हात लागत नव्हता. वर्षाचा नेम, आणि शेवटच्या महिन्यात तो दुसऱ्याच्या हातून चालला होता. पोटात कळ येत होती आणि जात होती. प्रत्येक कळेबरोबर वाटत होतं, आहे, अजून आहे. बाकी काही देवाकडे मागितलं नाही. नुसतं बघत राहिले. पाटाच्या पलीकडे खिडकी, खिडकीत डालड्याचे डबे, अलीकडे दाराची चौकट, डावी आणि उजवी, दोन्ही.

"एकशे आठ," हे म्हणाले आणि नमस्काराला हात जोडले.

"एकशे सात," मी म्हटलं.

"कसं?"

"डावीकडे एक पान पडलंय. पाटाच्या पायाशी."

यांनी वाकून पाहिलं. पान उचललं, तळव्यावर धरलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"तिथून दिसलं तुला?"

"दिसलं."

यांनी ते पान बाळकृष्णाच्या टेकलेल्या गुडघ्यापाशी ठेवलं.